हिंसेवरचा उपचार अर्ध्यावर सोडू नका

क्षयरोगाच्या रुग्णाला औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच बरे वाटू लागते. पण गोळ्या तिथेच थांबवल्या, तर आजार उलटतो. अमेरिकी शहरांत हिंसा रोखण्यासाठी वस्त्यांना मिळणाऱ्या अनुदानाचे असेच होत आले आहे.

हिंसेला साथीच्या रोगासारखे हाताळण्याचा आग्रह डॉ. गॅरी स्लटकिन यांनी धरला. सॅन फ्रान्सिस्कोत क्षयरोग आणि सोमालियात कॉलरा आटोक्यात आणण्याचे काम केलेल्या या डॉक्टरांनी २००० मध्ये शिकागोच्या वेस्ट गारफील्ड पार्क भागात ‘सीजफायर’ सुरू केले. एक गोळीबार सुडाच्या दुसऱ्या गोळीबाराला जन्म देतो. ही साखळी तोडण्यासाठी त्याच वस्तीतली, पोरांच्या ओळखीची माणसे नेमली गेली. कुणाला गोळी लागली की रुग्णालयात आणि घरी जाऊन पेटलेल्या मित्रांना थोपवायचे, हे त्यांचे काम.

सगळीकडे गुण आला असे नाही. शिकागोच्या काही भागांत गोळीबार घटला. पिट्सबर्गमधल्या अशाच प्रयोगात मात्र तसे दिसले नाही. म्हणून मोजमाप हवेच. फिलाडेल्फियात ५४१ पडीक भूखंडांवर ते नीट झाले. काही भूखंड साफ करून तिथे गवत आणि झाडे लावली, काही तसेच ठेवले. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांत, सुधारलेल्या भूखंडांभोवती बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी कमी झाली.

अडचण आहे ती पैशाच्या धरसोडीची. अमेरिकेच्या २०२२ च्या कायद्याने अशा कामासाठी पाच वर्षांत २५ कोटी डॉलरची तरतूद केली. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या न्याय विभागाने शेकडो संस्थांची चालू अनुदाने मध्येच रद्द केली. त्यांत हिंसाप्रतिबंधाची कामेही होती. मोजून निरुपयोगी ठरलेले काम बंद करणे योग्यच. पण पैसा अचानक थांबला, की वस्तीत फिरणारा माणूस दुसरी नोकरी शोधतो. वर्षानुवर्षे जोडलेल्या ओळखी त्याच्याबरोबर जातात. पुढे पैसा आला तरी त्या लगेच परत येत नाहीत.

अनुदान किमान पाच वर्षांचे असावे, पहिल्या दिवसापासून त्रयस्थ मूल्यमापन व्हावे आणि ते बंद करायचे तर आकडे पाहूनच करावे. टळलेला गोळीबार कुठल्याच रुग्णालयाच्या नोंदवहीत दिसत नाही. म्हणूनच त्यावरचा खर्च सर्वांत आधी कापला जातो आणि त्याची किंमत अपघात विभागात मोजावी लागते.