मदत परराष्ट्र खात्याच्या दावणीला नको

मुत्सद्देगिरी आणि परदेशी मदत ही दोन खाती एकत्र केली की देश एका सुरात बोलतो, असे विलीनीकरणाचे समर्थक सांगतात. ब्रिटनने 2020 मध्ये याच युक्तिवादावर स्वतंत्र विकास खाते परराष्ट्र खात्यात विसर्जित केले. हा वाद पवनी तालुक्यातल्या कोंढ्याच्या पारावर परका वाटेल, पण तो तसा नाही. नागपूरचे सांडपाणी नाग, कन्हान आणि वैनगंगेमार्गे गोसीखुर्दच्या जलाशयात येते. नाग नदी स्वच्छ करण्याच्या योजनेला जपानच्या जायका संस्थेचे कर्ज आहे. मदतीचा निर्णय परदेशी राजधानीत कोणत्या कसोटीवर होतो, याचा पवनी तालुक्याच्या पाण्याशी थेट संबंध आहे.

पहिला दावा सुसूत्रतेचा. मलेशियातील पेरगाऊ धरणाला ब्रिटनने दिलेल्या मदतीने तो खोटा ठरवला. तेव्हा ब्रिटनचा मदत विभाग परराष्ट्र खात्याच्याच अखत्यारीत होता. त्या विभागाचे सचिव टिम लँकेस्टर यांनी हा खर्च किफायतशीर नाही, अशी लेखी हरकत घेतली. तरीही परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांनी 1991 मध्ये मंजुरी दिली, कारण शस्त्रविक्रीच्या व्यवहारात शब्द गुंतला होता. 1994 मध्ये न्यायालयाने ही मदत बेकायदा ठरवली. सूर एकच होता, पण तो शस्त्रविक्रीचा होता.

दुसरा दावा राष्ट्रहिताचा. करदात्याच्या पैशातून राष्ट्रहित साधले पाहिजे, हे मान्यच. पण ते कसे साधते? जुलै 2013 मध्ये भूतानमध्ये मतदान तोंडावर असताना भारताने स्वयंपाकाचा गॅस आणि रॉकेलवरील सवलत बंद केली. कारण तांत्रिक सांगितले गेले. भूतानमध्ये मात्र अनेकांनी त्याचा अर्थ राजकीय दबाव असाच घेतला. पुढे सवलत परत दिली, तरी शेजाऱ्याची चूल आपल्या मर्जीवर पेटते हा समज मागे राहिला. अशा समजाने शेजार जोडला जात नाही.

स्वतंत्र खाते असले तरी दबाव येतोच, हा तिसरा आक्षेप खरा आहे. भारतातल्या 1965-66 च्या दुष्काळाच्या वेळी अमेरिकेत मदतीची वेगळी संस्था होती. तरीही अध्यक्ष जॉन्सन यांनी भारताला जाणारा गहू स्वतःच्या हातात ठेवून थोडाथोडा सोडला. म्हणून नुसती वेगळी पाटी लावून भागणार नाही, कायद्याचे संरक्षण हवे.

भारताने 2012 मध्ये विकास भागीदारीचा विभाग परराष्ट्र मंत्रालयातच उभा केला. स्वतंत्र संस्थेची घोषणा 2007 च्या अर्थसंकल्पात झाली होती, ती संस्था आलीच नाही. ती आता कायद्याने स्थापन करावी. कोणत्या देशाशी मैत्री वाढवायची हे परराष्ट्रमंत्र्यांनी ठरवावे. कोणते काम, कोणासाठी, किती वर्षे, हे त्या संस्थेने ठरवावे. अधिकाऱ्याची लेखी हरकत डावलली, तर ती कारणांसह संसदेपुढे यावी. दिलेला शब्द निवडणुकांच्या हिशेबाने मागे घेतला जाऊ नये.

शेजारी देश आपल्याला ओळखतात ते दूतावासातल्या भाषणांवरून नव्हे, वेळेवर पूर्ण झालेल्या कामांवरून. जो देश स्वतःच्या गरजेच्या काळात गव्हासाठी ताटकळला, त्याने दुसऱ्याला ताटकळत ठेवणारी व्यवस्था उभारू नये.