पाळणा

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयांत ‘पाळणा’ नांवाचें एक लहानसें तैलचित्र आहे. झिरझिरीत पडद्याआड तान्हें मूल झोंपलें आहे आणि हातावर गाल टेकून आई त्याकडे पाहत बसली आहे. हें चित्र बर्थ मोरिझो हिनें १८७२ सालीं काढलें. त्यांतील आई म्हणजे तिची थोरली बहीण एद्मा.

दोघी बहिणी कोरोसारख्या नामांकित चित्रकाराजवळ बरोबरीनें शिकल्या. सरकारी प्रदर्शनांत दोघींचींहि चित्रें लागलीं. १८६९ सालीं एद्माचें एका नौदल अधिकाऱ्याशीं लग्न झालें आणि तिचा कुंचला जवळजवळ थांबलाच. सासरहून ती बर्थला लिही कीं, मन अद्याप आपल्या चित्रशाळेंतच घुटमळतें. वाचकहो, हें कळल्यावर त्या चित्रांत आम्हांस नुसतें वात्सल्य दिसेनासें झालें.

बर्थनें लग्नानंतरहि काम सोडलें नाहीं. पुढें ‘इंप्रेशनिस्ट’ म्हणून गाजलेल्या मंडळींच्या आठ प्रदर्शनांपैकीं सातांत तिचीं चित्रें होतीं. चुकलें तें एक, मुलीच्या जन्मामुळें. उत्तरायुष्यांत तिची चित्रशाळा म्हणजे घरचाच दिवाणखाना. पाहुणे आले कीं रंग-कुंचले आवरून दृष्टीआड करावयाचे! (हें आवरणें आमच्या गृहिणींस समजावून सांगावयास नको.) सरकारी कलाशाळेचें दार स्त्रियांस उघडलें तें १८९७ सालीं.

बर्थ १८९५ सालींच वारली. तिच्या मृत्यूच्या दाखल्यांत व्यवसाय ‘कांहीं नाहीं’ असा नोंदला आहे.