नानांची चाळ आणि आमचं शेलू

गिरणी कामगारांना शेलू आणि वांगणीत घरं द्यायची, असं सरकारने २०२४मध्ये ठरवलं, तेव्हा शाळेतल्या एका सहकाऱ्याने माझं अभिनंदन केलं. "सर, तुमच्या नानांची चाळ आपल्या गावात येतेय की!"

नाना मूळचे महाडचे. मुंबईत गिरणीच्या साचेखात्यात होते आणि मदनपुऱ्यात विटांच्या चाळीत राहायचे. भिंती इतक्या जाड की कोनाड्यात कंदील, कुराण आणि आमची बिस्किटं सगळं मावायचं. वैशाखातही आत गारवा. मजल्यावरून लाकडी गॅलरी, आणि गॅलरीत सगळ्यांची दारं उघडी. उर्दू नानीकडे शिकलो. मराठी मात्र त्या गॅलरीत.

चाळ म्हणजे कसला वारसा, असं विचारणारे भेटतात. संडासाच्या रांगेत उभं राहिलेल्या बाईने विचारलं, तर माझ्याकडे उत्तर नाही. तिला मोठं घर मिळायलाच हवं. पण खोताच्या वाडीतल्या लाकडी घरांचे फोटो काढणाऱ्याने विचारलं, तर राग येतो. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. पुढे पगार बंद असताना माणसं तगली ती अशा गॅलऱ्यांच्या आधाराने. हे कुठल्या नक्षीपेक्षा कमी आहे?

म्हणून वाटतं, काही चाळी दुरुस्त करून माणसांसकट राखाव्यात. बाकीच्या पडल्या तरी माणसं तिथेच राहावीत. वरळीच्या बीडीडी चाळी विटांच्या नव्हेत, काँक्रीटच्या. पण तिथे १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात त्याच जागी ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवरच्या जुन्या इमारती ट्रस्टने पाडायला घेतल्या. तक्रारी तिथेही झाल्या, पण रहिवाशांना नवी घरं तिथलीच.

गिरणी कामगाराला मात्र मुंबईपासून ८० किलोमीटर लांब धाडायचं! २०२५च्या जुलैत आझाद मैदानात म्हातारे कामगार हेच विचारायला बसले होते. शेलू वाईट नाही हो. इथली हवा चांगली, पलीकडे वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबं राबतात, त्या विटांची घरंही चांगलीच होतात. पण कर्जत लोकल चुकली की काय होतं, ते आम्हाला विचारा.

अम्मीने वारस म्हणून अर्ज भरलाय. लग्न होऊन शेलूला आली, त्याला पन्नास वर्षं होत आली. मी तिला म्हटलं, "इथेच घर मिळतंय, घेऊन टाक." ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मी सासरी आले रे. अब्बांना कशाला आणताय?"