स्नानाचे पाणी आणि छपरावरील सूर्य

म्हैसूरच्या जुन्या घरांत न्हाणीघराच्या कोपऱ्यात चुलाण्यावर पक्का बसविलेला तांब्याचा मोठा हंडा असे. कानडीत त्यास ‘हंडे’ म्हणतात. महाराष्ट्रातील बंबाचा तो भाऊबंदच होय. त्याखाली लाकूड, करवंट्या व झावळ्या जाळीत. इंधन स्वस्त असे. परंतु उष्णतेचा मोठा भाग धुरावाटे निघून जाई, आणि पहाटे उठून जाळ घालणाऱ्या स्त्रीचे डोळे त्या धुराने चुरचुरत.

आज पुष्कळ घरांत त्याची जागा विजेच्या गीझरने घेतली आहे. १ लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापविण्यास सुमारे १ किलोकॅलरी उष्णता लागते. १०० लिटर पाणी २२ अंशांवरून ४२ अंशांवर न्यावयाचे तर २,००० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे २.३ युनिट वीज हवी. गीझरमध्ये जवळजवळ सर्व विजेची उष्णता होते, म्हणून तो काटकसरी भासतो. परंतु रायचूरसारख्या औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी साधारणतः एक तृतीयांश भागच विजेत उतरतो. म्हणजे कोळशाने पाण्याची वाफ करावयाची, वाफेने वीज, आणि त्या विजेने पुन्हा पाणीच तापवावयाचे! १९०२ साली शिवनसमुद्र येथील वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींतील यंत्रे चालविण्यासाठी नेण्यात आली. जी शक्ती यंत्रे फिरवू शकते, ती केवळ कोमट पाण्यासाठी खर्चणे हा उधळेपणा होय.

गॅसचा गीझर इंधन थेट जाळतो, त्यामुळे ही हानी टळते. मात्र बंद न्हाणीघरात प्राणवायू अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्यास रंग नाही, वास नाही. मनुष्य सावध होण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो. हे साधन न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच असावे.

उरला सूर्य. काळ्या पत्र्यात किंवा निर्वात काचनळ्यांत तापलेले पाणी हलके होऊन वरच्या टाकीत चढते व थंड पाणी खाली उतरते. त्यासाठी पंप लागत नाही. टाकीस उष्णतारोधक वेष्टन असल्याने दुपारची उष्णता दुसऱ्या पहाटेपर्यंत टिकते. घरोघरी एकाच वेळी गीझर सुरू होतात, नेमक्या त्याच वेळी ही साठवण उपयोगी पडते. पावसाळ्यातील ढगाळ दिवसांपुरती विजेची जोड पुरे.

कर्नाटक शासनाने २००७ साली अनेक प्रकारच्या इमारतींसाठी सौर जलतापक आवश्यक ठरविला, हे योग्यच झाले. परंतु छप्पर मालकाचे आणि विजेचे देयक भाडेकऱ्याचे, अशी स्थिती असता यंत्र घेण्याची निकड कोणास वाटावी? सदनिकांच्या इमारतीत तर वरच्या मजल्यावरील कुटुंबास ऊन मिळते आणि खालच्यास केवळ जिना. यास्तव बांधकामाच्या वेळीच सामाईक टाकी व प्रत्येक घरापर्यंत वेष्टित नळ घालणे हे विहिरीइतकेच आवश्यक मानले जावे.

हंड्याच्या काळी एकाच जाळावर सर्व कुटुंबाचे स्नान होई. धूर वगळून ती सामाईक उष्णता परत आणणे आज शक्य आहे. सूर्य सर्वांच्या छपरावर सारखाच तापतो. त्याची ऊब सर्वांच्या बादलीत पोहोचविणे मात्र माणसांच्याच हाती आहे.