क्राऊन फुटला की पगार ड्रायव्हरचा का कापता?

स्पष्टच लिहितोय. काही मालक मंडळींना लागेल. लागू दे.

हंगाम सुरू झाला की आपल्याकडे हे ठरलेलं आहे. कांद्याने नाहीतर टोमॅटोने शिगोशीग भरलेली पिकअप राहूडच्या घाटात बसते. इंजिन चालू, गिअर पडतोय, पण मागची चाकं फिरत नाहीत. मिस्त्री येतो, खाली वाकून बघतो आणि सांगतो, "क्राऊन-पिनियन गेलं." तासाभरात मालकाचा फोन, "कशी चालवली रे गाडी? पगारातून कापीन!"

मालक, एकच प्रश्न. डिफ्रन्सलचं ऑईल शेवटचं कधी बदललं होतं?

इंजिन ऑईलची तारीख तोंडपाठ असते. मागचं विचारलं की शांतता.

मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो गोल फुगवटा दिसतो, तो डिफ्रन्सल. इंजिनाचा सगळा जोर तिथे येऊन काटकोनात वळतो आणि दोन्ही चाकांना जातो. आतले दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, प्रचंड दाबाखाली घासत सरकतात. म्हणून तिथे उरलंसुरलं इंजिन ऑईल ओतून भागत नाही. डब्यावर जीएल-५ लिहिलेलं गिअर ऑईल लागतं. किती? साधारण दीड-दोन लिटर. नंबर कुठला आणि किती किलोमीटरला बदलायचं, हे गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं. जड माल आणि घाटरस्ता असेल तर त्याच्याही आधी बदलावं लागतं. पण ते पुस्तक डॅशबोर्डच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, नवं कोरं पडलेलं!

तपासायला फार वेळ लागत नाही. गाडी सपाट जागेवर, चाकांना दगड, ऑईल थोडं निवलेलं. आधी वरचा, भरायचा बोल्ट उघडायचा. खालचा आधी सोडून तेल सांडलंत आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथेच अडकली. वरच्या भोकात बोट घाला. खालच्या कडेपर्यंत तेल लागलं तर लेव्हल बरोबर. लागलं नाही तर तेल कुठूनतरी गळतंय. चाकाजवळच्या सीलमधून गळत असेल तर ते ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं आणि लायनर तेलकट होतात. अशी गाडी वाशीचा माल भरून कसारा घाट उतरत असेल तर काय होईल, हे मी सांगायला नको.

तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. पावसाळ्यात फरशीवरच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर हे होतं. मग लेव्हल बरोबर असली तरी तेल बदलायचंच. खालच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावर थोडी काळसर पेस्ट चालते, ती नेहमीची झीज. पण लोखंडाचे तुकडे हाताला लागले तर ती गाडी भरायची नाही. विषय संपला.

मालक म्हणतात, लक्ष ठेवणं ड्रायव्हरचं काम आहे. अर्धं बरोबर. मागून घुंघुं आवाज यायला लागला, ॲक्सिलेटर सोडला की तो बदलतो, हे ड्रायव्हरनेच सांगायचं. पण त्याने सांगितलं की उत्तर काय मिळतं? "एवढा सीझन काढ, मग बघू." ऑईलचे पैसे कोण देणार? गाडी अर्धा दिवस उभी करायची परवानगी कोण देणार? पासिंगपेक्षा जास्त माल भरायचा हे कोण ठरवतं? ड्रायव्हर नक्कीच नाही. हजार रुपयांच्या आतबाहेरचं तेल वाचवायचं आणि काही हजारांचं बिल दुसऱ्याच्या पगारातून काढायचं, हा कुठला हिशोब?

कायदाही ऐका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २० हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. आणि नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान कामगाराच्या हलगर्जीपणामुळे झालेलं असलं पाहिजे, त्याला आधी आपलं म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. हे वेतन संहितेत लिहिलेलं आहे. घाटात उभ्या असलेल्या माणसाला फोनवर दिलेली शिवी म्हणजे संधी नव्हे.

"पासिंग झालंय की" हेही ऐकवू नका. पासिंगला लाईट, ब्रेक, रिफ्लेक्टर बघतात. डिफ्रन्सलचा बोल्ट उघडून तिथे कोणी बोट घालत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक गाडीत एक वही ठेवा. मागचं ऑईल कधी बदललं, किती किलोमीटरला, कुठल्या नंबरचं, खाली मालकाची सही. ड्रायव्हर भावांनो, आवाज आला की फोनवर बोलून सोडून देऊ नका, व्हॉट्सॲपवर लिहून टाका. मेसेज राहतो, बोलणं राहत नाही.

वहीत नोंद असेल, तेल वेळेवर बदललेलं असेल आणि तरी गाडी आपटून दात तोडले असतील, तर ड्रायव्हरला खुशाल जाब विचारा. नोंदच नसेल तर बिल मुकाट्याने मालकाने भरायचं.

ज्यांना पटत नाही त्यांनी कमेंटमध्ये या. येताना फक्त शेवटच्या ऑईलची तारीख लिहा.