आधी खिडकी उघडा, लेझरचे मग पाहू!

थंडी पडू लागली की न्हाणीघरातला गॅस गीझर घराघरांत पुन्हा सुरू होतो. म्हणून हा विषय आजच घेतो.

काही वर्षांपूर्वी मुंबईत दादरला धाकट्या भावाकडे उतरलो होतो. सकाळी पुतणी आंघोळीला गेली ती बाहेर येईना. हाकांना उत्तर नाही. दार तोडले तर पोर फरशीवर बेशुद्ध पडलेली. बाहेर आणल्यावर ती हळूहळू शुद्धीवर आली. दवाखान्यात 'फिट आली असावी' असे ठरले आणि गोळ्या सुरू झाल्या. तीन आठवड्यांनी वहिनी त्याच न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या, तेव्हा कोठे सगळ्यांचे लक्ष भिंतीवरच्या गॅस गीझरकडे गेले. मी स्वतः डॉक्टर. पण पहिल्या वेळी मलाही ते सुचले नाही, ही कबुली आधी दिलेली बरी.

दोष होता कार्बन मोनॉक्साइड या वायूचा. बंद जागेत गॅस जळू लागला की प्राणवायू कमी पडतो, ज्वलन अर्धवट होते आणि हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. त्यामुळे 'वास तर आला नाही' हे म्हणणे येथे फसवे ठरते.

आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन हा लोह असलेला रेणू आहे. एका रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि श्वासातला प्राणवायू त्यांनाच चिकटून शरीरभर जातो. कार्बन मोनॉक्साइड मात्र त्याच लोहाला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. जागा अडवून बसलेल्या या पाहुण्यामुळे प्राणवायूला आत शिरायला वाव राहत नाही आणि मेंदू उपाशी पडतो. साध्या हवेत ठेवले तर रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात. मास्क लावून शुद्ध प्राणवायू दिला तर हेच काम साधारण तास-दीड तासात होते.

आता एक नवलाची गोष्ट सांगतो. लोह आणि कार्बन मोनॉक्साइड यांची ही जोडी प्रकाशाने तुटते! जॉन हाल्डेन आणि लॉरेन स्मिथ या शास्त्रज्ञांनी 1896 साली हे दाखवले. ती किती वेळात तुटते हे समजायला मात्र अतिजलद लेझर यावे लागले. हे लेझर प्रकाशाचा अखंड झोत सोडत नाहीत, फेमटोसेकंदांत मोजावे लागणारे स्पंद सोडतात. सेकंदाचे दहा लाख भाग करा आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करा. तो एक फेमटोसेकंद. असा स्पंद पडताच लोहाचा तो बंध शंभर फेमटोसेकंदांच्या आत तुटतो. तेवढ्या वेळात प्रकाशही केसाच्या जाडीइतके अंतर ओलांडू शकत नाही. रेणूंची ही लगबग टिपण्याच्या शास्त्रासाठी अहमद झेवैल यांना 1999 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या मुंबईतही, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. दीपक माथुर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतितीव्र लेझर स्पंदांनी रेणू कसे फुटतात याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला.

मग रोग्याला लेझर का देऊ नये, असे कोणीही विचारील. अमेरिकेतील बॉस्टनच्या संशोधकांनी त्या दिशेने पाऊल टाकले आहे. विषबाधा झालेल्या उंदरांच्या फुफ्फुसांवर त्यांनी प्रकाश टाकला, तेव्हा रक्तातला कार्बन मोनॉक्साइड लवकर बाहेर पडला. हे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. त्यांचा प्रकाश फेमटोसेकंदांचा नव्हता. बंध तोडायला साधा दृश्य प्रकाशही पुरतो. मात्र प्रकाश शरीरात फार खोल जात नाही, म्हणून तो थेट फुफ्फुसापर्यंत न्यावा लागतो. माणसासाठी हा अजून रोजचा उपचार झालेला नाही.

या संशोधनात माझ्या मते आपल्यासाठी मोठा धडा आहे. बंध तुटला म्हणजे काम झाले असे नाही. सुटलेल्या कार्बन मोनॉक्साइडपैकी बराचसा क्षणार्धात मागे फिरून त्याच लोहाला पुन्हा चिकटतो. त्या जागी प्राणवायू यावा आणि सुटलेला वायू उच्छ्वासातून बाहेर जावा, तेव्हाच सुटका होते. म्हणजे लेझर कितीही वेगवान असला तरी शेवटी गरज ताज्या हवेचीच! आणि ती हवा आपण आपल्या हाताने कोंडून ठेवतो.

गिरगाव-लालबागच्या चाळींत पूर्वी पाणी तापे ते गॅलरीतल्या बंबावर नाही तर स्टोव्हवर. धुराने डोळे चुरचुरत, म्हणून दारे-खिडक्या आपोआप उघडल्या जात. त्या धुराचे मी गोडवे गात नाही. पण तो निदान दिसत तरी असे. आता चाळीच्या जागी टॉवर आले, घरात टाइल्सचे न्हाणीघर आले, त्याला घट्ट दार आले आणि आत गॅस गीझर आला. जे मुंबईत तेच आता आपल्या तालुक्याच्या गावात. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत 'गॅस गीझर सिंड्रोम' या नावाने अशा रोग्यांची वर्णने आली आहेत. त्यांतल्या काहींवर आधी फिटचेच उपचार झाले होते.

माझे मत स्पष्ट आहे. गॅस गीझर न्हाणीघरात बसवूच नये. तो मोकळ्या गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणावा. बसवणारा 'आत चालतो हो' म्हणाला तरी ऐकू नये. नवे घर घेताना बिल्डरला फरशीचा रंग विचारण्याआधी न्हाणीघराची खिडकी कोठे उघडते ते विचारा. गीझर तूर्त आतच असेल तर बादली भरून घ्या, गीझर बंद करा, दार-खिडकी उघडून हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला जा.

डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे अशी तक्रार न्हाणीघरात सुरू झाली तर तडक बाहेर या. कोणी आत पडले असेल तर दार उघडा, गॅस बंद करा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा. दवाखान्यात 'घरी गॅस गीझर आहे' हे न विसरता सांगा. करोनाच्या काळात घेतलेल्या बोटाच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. त्याला प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही, आणि धोक्यातल्या माणसाचा आकडाही तो छान दाखवतो.

पुतणीच्या गोळ्या पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद झाल्या. भावाने गीझर गॅलरीत हलवला. खर्च झाला तो एका प्लंबरच्या दिवसभराच्या मजुरीचा आणि थोड्या पाइपाचा. तुमच्या घरचा गीझर कोठे आहे, ते आज एकदा पाहाच!