काबुली पुलाव आणि आमचं आडनाव

मे महिन्यात आम्ही सगळे दिल्लीला गेलो होतो. अब्बा, अम्मी, भाईजान, भाभी, माझी बायको, मी आणि नुकतीच बारावीची परीक्षा दिलेला माझा मुलगा. मिरजेहून गोवा एक्सप्रेस थेट निजामुद्दीनला सोडते. दर्गा झाला, लाल किल्ला झाला, जामा मशिदीजवळ निहारी खाऊन झाली. शेवटच्या रात्री अब्बांनी फर्मान काढलं की आज लाजपत नगरला अफगाणी हॉटेलात जेवायचं. "अपने लोगां का खाना है. बच्चे कू भी मालूम होने दो."

आमचं आडनाव पठाण. मूळ गाव तासगाव तालुक्यात. आमचे पूर्वज काबूलहून घोड्यांवर आले, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. कधी आले, कुणाबरोबर आले, तासगावातच का थांबले, हे विचारायचं नसतं.

लाजपत नगरचा तो भाग बघण्यासारखा आहे. अफगाणिस्तानातल्या चाळीसएक वर्षांच्या लढायांमधून जीव वाचवून आलेले लोक इथे राहतात. २०२१ मध्ये तालिबान परत आल्यावर आणखी आले. दिल्लीच्या हॉस्पिटलांत उपचारासाठी येणारे पेशंटही इथेच खोल्या घेऊन राहत. त्यामुळे औषधांच्या दुकानांवर फारसी लिपीत पाट्या, तंदूरमधून निघणारे हातभर लांब नान, फुटपाथवर सुकामेवा. उर्दूमुळे अब्बांना काही पाट्या वाचता आल्या. ते भलतेच खूश झाले.

हॉटेलनं मात्र निराशा केली. पाऊण तास बसवून ठेवलं. मंतू, म्हणजे खिमा भरून वाफवलेले मोदकासारखे तुकडे, संपले होते. नान गार आणि चामड्यासारखे. काबुली पुलाव आला तेव्हा वर गाजराचे काप आणि बेदाणे छान मांडलेले, पण खाली भात तेलकट आणि मटण दोरीसारखं. मेनूत 'अफगाणी चिकन' होतं, ते मागवलं तर क्रीम आणि काजूची पांढरी ग्रेव्ही. ती आमच्याकडे हायवेवरच्या धाब्यावरसुद्धा मिळते, तिचा अफगाणिस्तानशी संबंध नाही. बिलात न मागवलेलं सॅलड होतंच.

अम्मीनं दोन घास खाल्ले. "इसमें तो मिर्चीच नै." मग एक बेदाणा उचलून दिव्याकडे धरून बघितला आणि म्हणाली, आपल्या तासगावचे यापेक्षा बरे. अब्बा म्हणाले, "खाओ चुपचाप."

अफगाणी जेवण वाईट असतं असं मी म्हणत नाही. त्या हॉटेलात ते वाईट होतं. आणि मिरची नसणं हा काही त्या स्वयंपाकाचा दोष नव्हे, तो तसाच असतो. तक्रार आमच्या जिभेची होती. ती जीभ खर्डा-भाकरी, दालचा आणि काळ्या मसाल्याच्या सालनावर वाढलेली. 'अपने लोगां का खाना' म्हणून ताटात आलेलं जेवण सातपैकी एकालाही आपलं वाटलं नाही.

बिल घेऊन आलेल्या पोराला अब्बांनी अभिमानानं सांगितलं, "हम भी पठान हैं." पोरगा हसला, आदबीनं काहीतरी बोलला. पश्तोत असावं. अब्बा गप्प. मग त्यानंच हिंदीत सांगितलं की तो स्वतः पठाण नाही, ताजिक आहे, पश्तो कामापुरती येते. अफगाणिस्तानात ताजिक आहेत, हजारा आहेत, उझबेक आहेत, हे आमच्या घरच्या इतिहासात कुठेच नव्हतं.

आता खरी गोष्ट सांगतो. हे वाचून अब्बा चिडतील, पण त्याला इलाज नाही.

माझ्या मुलाला इंजिनीअरिंगला जायचंय. त्यासाठी ओबीसीचा दाखला काढता येईल, असं मला तहसीलमधल्या ओळखीच्या माणसानं सांगितलं. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. तो आमच्याकडे आहे. माझ्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला अब्बांच्या कपाटात आहे आणि त्यावर शाईनं स्वच्छ लिहिलंय, 'मुसलमान, पिंजारी'. पिंजारी म्हणजे कापूस पिंजणारे, गाद्या भरणारे. त्या दाखल्यावर पठाण हे आडनाव कुठेच नाही. ते नंतर कधीतरी लावलं गेलं.

अब्बा तो कागद बाहेर काढू देत नाहीत. "हम पठान हैं, हमकू नै होना खैरात."

इस्लाममध्ये जात नाही, हे आपण भाषणात सांगतो. आणि सोयरीक जमवताना पहिला प्रश्न काय असतो? सय्यद, शेख, मोगल, पठाण वर. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी खाली. मग ज्याला जमेल तो आडनाव बदलतो आणि पूर्वज अरबस्तानातून किंवा काबूलमधून मागवतो. गंमत म्हणजे, ज्यांना आपल्याला 'बाहेरून आलेले' म्हणायचंय त्यांना याहून सोयीचं काय? ते म्हणतात तुम्ही परके, आणि आपण छाती फुगवून म्हणतो, हो, घोड्यावर बसून आलो. नाळ खाण्यावरूनच ठरवायची तर मराठी वरणातला हिंग पिढ्यान्‌पिढ्या अफगाणिस्तानातून येतोय. त्या हिशेबानं आमच्या शेजारच्या जोशीकाकू आमच्यापेक्षा जास्त काबुली ठरतील.

मला अब्बांचा राग येत नाही असं नाही. पण शाळेत त्यांना पोरं काय म्हणून चिडवत, तेही मला माहीत आहे. पठाण म्हटलं की समोरचा जरा बिचकतो. पिंजारी म्हटलं की गादी केवढ्याला भरणार, असं विचारतो. ज्यानं हे सोसलं त्याला खोटं बोलू नका म्हणणं मला तरी जड जातं. खैरात म्हणून ते नाकारतायत तो मात्र त्यांच्या नातवाचा हक्क आहे.

परतताना मुलानं विचारलं, "दादा, पिंजारी म्हणजे नक्की काय करायचे?" मला वाटलं आता भडका उडणार. अब्बा बराच वेळ बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, घरात एक धनुकली होती, भिंतीला टांगलेली. त्यांचे अब्बा ती वाजवायचे तेव्हा गल्लीच्या टोकापर्यंत आवाज जायचा. टण्‌ण टण्‌ण. त्यांनी तोंडानं आवाज काढून दाखवला. हे मी पन्नाशीला आलो तरी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं.

दाखला अजून कपाटातच आहे. किल्ली अम्मीकडे असते. प्रवेशाचे फॉर्म जूनमध्ये निघतील.